ठरल्या वेळी, न सांगता : 'क्रॉन'ची गोष्ट

संगणकाकडून आपण करून घेतो त्या कामांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला प्रकार म्हणजे आपण बटण दाबल्यावर होणारे काम. तिकीट काढले, पैसे पाठवले, फोटो चढवला. उत्तर क्षणात समोर येते आणि आले नाही तर आपण लगेच कुरकुर करतो. दुसरा प्रकार म्हणजे कोणी बटण न दाबता, ठरल्या वेळी होणारे काम. रात्री सगळे झोपल्यावर बँकेचे दिवसभराचे हिशेब जुळवले जातात, लायब्ररीचे पुस्तक परत करायची आठवण सकाळी ईमेलमध्ये येऊन पडते, महिन्याच्या एक तारखेला मॉर्गेजचा हप्ता कापला जातो. ही कामे होत असताना आपल्याला दिसत नाहीत. पण धोका पुढेच आहे. ती झाली नाहीत तरीही दिसत नाहीत.

या दुसऱ्या प्रकारच्या कामांचा इतिहास मला आज सांगायचा आहे. आपल्या वाचकांत सॉफ्टवेअरवाले पुष्कळ आहेत. त्यांना यातले बरेच ठाऊक असेल, त्यांनी थोडा धीर धरावा. ज्यांचा या धंद्याशी संबंध मध्यरात्री नवऱ्याचा किंवा बायकोचा फोन खणखणण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः आहे.

भूत आणि खांब

सुरुवातीच्या संगणकांना वेळापत्रक नव्हते. ते ऑपरेटरच्या डोक्यात असे. कार्डांचे गठ्ठे खिडकीतून आत द्यायचे, ऑपरेटर ते एकामागून एक लावणार, आणि उत्तराचा कागद दुसऱ्या दिवशी मिळणार. पुढे एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करायची पद्धत आली. केंब्रिजच्या एम.आय.टी.मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये अशी यंत्रणा प्रथम करून दाखवली. लोकांच्या फायली आता यंत्रातच राहू लागल्या, आणि मग त्या हरवल्या तर काय, हा प्रश्न उभा राहिला. फायलींच्या प्रती टेपवर काढून ठेवायला हव्या होत्या, त्याही रोज, कोणी न सांगता.

१९६३ च्या सुमारास तिथल्या 'प्रोजेक्ट मॅक'मध्ये आयबीएम ७०९४ यंत्रावर यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला गेला. तो सतत पडद्यामागे असे आणि आपले आपण टेपवर प्रती काढी. त्याला नाव मिळाले 'डीमन'. हे नाव भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या कल्पनेवरून घेतले, असे कॉर्बाटो यांनीच पुढे सांगितले. मॅक्सवेलने १८६७ मध्ये वायूच्या दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून एकेक रेणू निवडणाऱ्या एका चिमुकल्या जिवाची कल्पना केली होती. न थकता, न कंटाळता काम करणारा जीव.

आपल्याकडे लहानपणी भुताची एक गोष्ट सांगत. भूत म्हणते, सतत काम दे, नाहीतर तुलाच खाईन. शहाणा माणूस अंगणात खांब रोवतो आणि सांगतो, दुसरे काम नसेल तेव्हा यावर चढ आणि उतर. संगणकातल्या या पहिल्या भुताचे काम कोणते होते, तर बॅकअप. हे लक्षात ठेवा. चोपन्न वर्षांनी घडलेल्या एका गोष्टीशी त्याचा संबंध येणार आहे.

मरे हिलचे पंचांग

न्यू जर्सीतल्या मंडळींना मरे हिल हे नाव नवे नाही. तिथल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्सची सुरुवात केली. १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात थॉम्पसन यांनी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम होता, त्याचे नाव 'क्रॉन'. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले.

त्याचे काम खांबावरच्या भुतासारखेच होते. यंत्र सुरू झाले की क्रॉन जागा होई, एक ठरावीक फाइल वाची, या मिनिटाला करायचे काही आहे का ते पाही, असल्यास करी, आणि मिनिटभर झोपी जाई. मग पुन्हा जागा, पुन्हा वाचन, पुन्हा झोप.

त्या फाइलीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक काम. ओळीच्या सुरुवातीला पाच रकाने : मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना आणि वार. त्यापुढे करायचे काम. '३० २ * * *' याचा अर्थ रोज पहाटे अडीच वाजता. तारा म्हणजे 'कोणताही'. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही जशी आपल्या पंचांगाची पाच अंगे, तशी ही क्रॉनची पाच अंगे. पाच चिन्हांत वेळ सांगायची ही पद्धत इतकी आटोपशीर आहे की आजही जगभर ती जशीच्या तशी वापरतात. तिच्यात वर्षाचा रकाना नाही, त्यामुळे वाय-टू-के च्या धामधुमीत निदान या पाच रकान्यांना हात लावावा लागला नाही.

पण या पंचांगात काही गोष्टी बसत नाहीत. 'महिन्याचा शेवटचा दिवस' असे त्यात लिहिता येत नाही. त्यामुळे २८ ते ३१ या चारही तारखांना काम उठवायचे आणि त्याने स्वतःच 'उद्या एक तारीख आहे का' ते पाहायचे, अशी युक्ती करतात. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. तारीख आणि वार दोन्ही लिहिले, तर आज रूढ असलेला क्रॉन दोन्ही जुळण्याची वाट पाहत नाही. दोहोंपैकी एक जुळले तरी काम करतो. '१३ तारीख' आणि 'शुक्रवार' लिहाल तर काम प्रत्येक १३ तारखेला होईल आणि प्रत्येक शुक्रवारीही होईल. थोडक्यात, क्रॉनला अंगारकी कळत नाही. तिला संकष्टी चतुर्थीही हवी आणि मंगळवारही हवा. क्रॉनच्या हिशेबाने चाललात तर प्रत्येक संकष्टीला आणि शिवाय प्रत्येक मंगळवारी उपास घडेल.

पर्ड्यूची युक्ती

पहिला क्रॉन यंत्राच्या मालकापुरता होता. एकच फाइल, आणि सगळी कामे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या नावाने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पर्ड्यू विद्यापीठात ही सोय सर्वांना द्यायचे घाटले. एका व्हॅक्स यंत्रावर शंभर जण काम करीत होते. पण दर मिनिटाला शंभर जणांच्या यादीतल्या ओळी तपासायच्या म्हणजे यंत्र त्यातच दमायला लागले.

यावर उपाय सापडला तो वेगळ्याच विषयातून. तिथल्या रॉबर्ट ब्राउन यांच्या वाचनात फ्रांटा आणि माली यांचा १९७७ चा एक निबंध आला. विषय होता सिम्युलेशन, म्हणजे कारखान्याची किंवा रहदारीची संगणकावर केलेली नक्कल. अशा नकलेत काळ सेकंदासेकंदाने चालत नाही. तो एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारतो. म्हणून पुढच्या घटनांची यादी वेळेच्या क्रमाने लावून ठेवतात आणि फक्त पहिल्या नावाकडे लक्ष देतात. ब्राउन यांच्या लक्षात आले की क्रॉनचे कामही नेमके हेच आहे. दर मिनिटाला सगळी यादी चाळण्याऐवजी पुढचे काम किती वाजता आहे ते पाहावे आणि तोवर खुशाल झोपावे. माझी स्वतःची पीएच.डी. सिम्युलेशनशी संबंधित असल्यामुळे ही हकीकत मला विशेष आवडते. कीथ विल्यमसन हे १९७९ मध्ये पर्ड्यूहून पदवी घेऊन बेल लॅब्जमध्ये गेले आणि ही कल्पना त्यांच्याबरोबर युनिक्समध्ये परतली.

१९८७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी सर्वांना मोफत वापरता येईल असा क्रॉन नव्याने लिहिला. लिनक्सबरोबर तो घरोघर पोचला, आणि पुढच्या अनेक क्रॉनची तोच आई ठरला. काम करताना प्रोग्रॅमने काही छापले, तर क्रॉन ते मालकाला ईमेलने पाठवतो. या सोयीवर पुढे फार मोठा भरवसा ठेवला गेला.

त्या काळात क्रॉनचे एक काम आपल्यालाही जवळचे होते. इंटरनेट सर्वत्र नव्हते तेव्हा युनिक्सची यंत्रे एकमेकांना टेलिफोन करून निरोप देत. बेल लॅब्जमधल्या माइक लेस्क यांच्या यूयूसीपी या प्रोग्रॅमने हे जमत असे. लांबच्या फोनचे दर रात्री कमी, म्हणून हे फोन रात्री लावायचे काम क्रॉनकडे. स्वस्त दराची वेळ पाहून घरी फोन करणे ही आपल्या ज्येष्ठ वाचकांची जुनी सवय. यंत्रेही तेच करीत होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत जुहूचे एन.सी.एस.टी. आणि पवईची आय.आय.टी. यांच्यात पहिली ईमेल सुरू झाली, तीही अशीच डायल-अप यूयूसीपीवर.

अडीच वाजतच नाहीत तेव्हा

वेळेवर काम करायचे म्हणजे वेळ एकच असायला हवी. इथे तर मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोनचे एकदम तीन वाजतात. त्या दिवशी '३० २' या ओळीतले काम कधी करायचे? अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे एक ते दोन हा तास दोनदा येतो. मग दीड वाजताचे काम दोनदा करायचे का? काही क्रॉन हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. म्हणून अनुभवी लोक महत्त्वाचे काम पहाटे एक ते तीनच्या दरम्यान लावत नाहीत, किंवा यंत्राचे घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवतात.

वेब आल्यावर हा गुंता आणखी वाढला. यंत्र ओरेगनमध्ये, वापरणारे पुण्यात, नैरोबीत आणि काठमांडूत. 'रोज सकाळी आठला' म्हणजे कोणाच्या आठला? दर तासाच्या ठोक्याला यादी चाळून ज्यांच्याकडे आठ वाजले असतील त्यांना ईमेल पाठवायची, असा सोपा उपाय पुष्कळ जण करतात. पण भारताची वेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आणि नेपाळची पावणेसहा तास. तासाच्या ठोक्याला भारतात साडेआठ झालेले असतात किंवा साडेसात. आठ कधीच नसतात. ही चूक भारतीय वापरणारे सांगेपर्यंत लक्षात येत नाही.

दोन पुजारी, एक आरती

वेब ॲप्लिकेशनचा स्वभाव पहिल्या प्रकारच्या कामाचा. कोणीतरी पान मागते, सर्व्हर ते देतो आणि विसरून जातो. कोणी मागितले नाही तर तो स्वस्थ. मग सभासदत्व संपल्याची आठवण, जुन्या फायलींची साफसफाई, रात्रीचा अहवाल ही कामे करायची कोणी?

वर्डप्रेसने २००७ च्या सुमारास मजेदार उत्तर काढले. स्वस्तातल्या सामायिक सर्व्हरवर क्रॉन वापरायची मुभा अनेकांना नसते. म्हणून साइटवर कोणी आले की त्या निमित्ताने 'काही काम राहिले आहे का' ते पाहायचे. म्हणजे भक्त आला की पुजारी जागा होतो. वर्दळीच्या देवळात हे छान चालते. पण जिथे रात्री कोणी फिरकत नाही, तिथे मध्यरात्री प्रसिद्ध व्हायचा लेख सकाळी पहिला पाहुणा आल्यावर प्रसिद्ध होतो.

मोठ्या साइटची अडचण उलटी. एक सर्व्हर पुरत नाही म्हणून चार लावले, चारही एकमेकांच्या हुबेहूब प्रती. प्रत्येकाबरोबर क्रॉनची फाइलही गेली, आणि एका ग्राहकाला एकच ईमेल चार वेळा आली. काम एकाच सर्व्हरवर ठेवले तर तो बंद पडल्यावर काहीच होत नाही. यातून वाट अशी निघाली की 'कधी' आणि 'करणे' वेगळे करावे. एक घड्याळजी फक्त वेळ पाहून रांगेत चिठ्ठी टाकतो. कामगार त्या चिठ्ठ्या उचलून काम करतात. २००९ मध्ये आलेले सेलरी आणि २०१२ चे सायडकिक अशा रांगांवरच चालतात. पण घड्याळजी दोन झाले तर चिठ्ठ्याही दोन पडतात, आणि एकच असला तर तो आजारी पडतो. मूळ प्रश्न एक पायरी वर सरकला, इतकेच.

गूगलने हजारो यंत्रांसाठी आपला क्रॉन कसा बांधला, ते २०१६ च्या एका पुस्तकात सविस्तर दिले आहे. अनेक घड्याळजींची समिती असते, आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या पॅक्सॉस या मतदानासारख्या पद्धतीने कोणते काम सुरू झाले याची नोंद सर्वांकडे एकसारखी राहते. तरीही काम सुरू करतानाच यंत्र पडले तर शंका उरतेच : झाले की नाही? तिथे त्यांनी सरळ बाजू घेतली. शंका असेल तर काम दोनदा होण्याऐवजी एकदा चुकलेले चालेल, कारण चुकलेले काम नंतर करता येते, पण गेलेली ईमेल परत बोलावता येत नाही.

म्हणूनच जाणकार सांगतात की काम असे लिहावे की एकदा केले काय, दोनदा केले काय, परिणाम एकच. दिवा लावणे हे असे काम आहे. लागलेला दिवा पुन्हा लावला तरी काही बिघडत नाही. चहात साखर घालणे तसे नाही. चहाच्या जातीच्या कामांची नोंद ठेवावी लागते : या सभासदाला या वर्षीची आठवण पाठवली. आता ही नोंद आधी करायची की नंतर? आधी केली आणि मध्येच वीज गेली, तर आठवण जातच नाही. नंतर केली, तर दोनदा जाते. दोन्ही टाळणारी युक्ती ईमेलच्या बाबतीत नाही. कोणते नुकसान परवडते ते माणसानेच आधी ठरवायचे असते.

न आलेली ईमेल

आता बॅकअपकडे वळू. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरने डेटाबेसची दुय्यम प्रत साफ करताना चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबी. घाबरण्याचे कारण नव्हते, कारण दर चोवीस तासांनी बॅकअप काढायचे काम वेळापत्रकात लावलेले होते. उघडून पाहिले तर बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती, बॅकअप काढणारा प्रोग्रॅम ९.२ चा. दोघांचे जुळत नव्हते, म्हणून तो दर वेळी चूक दाखवून थांबत होता.

मग कोणाला कळले कसे नाही? काम फसले की ईमेल जाई. पण त्या ईमेलवर हल्ली लागते तशी ओळखीची सही नव्हती, म्हणून पोचवणाऱ्या यंत्रणेने त्या नाकारल्या. काम ठरल्या वेळी उठत होते, ठरल्या वेळी फसत होते, आणि ठरल्या वेळी तक्रार पाठवत होते. तक्रार मात्र कोणालाच मिळत नव्हती. एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत निघाली, म्हणून बरेचसे वाचले. तरी सहा तासांचे काम गेले. कंपनीच्या अंदाजाने सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिपणे आणि ७०० नवी खाती यांना झळ लागली. कंपनीने हे सगळे न लपवता जाहीर केले, ही गोष्ट मोठ्या मनाची.

एम.आय.टी.तल्या पहिल्या डीमनला नेमून दिलेले तेच हे काम. मधल्या चोपन्न वर्षांत पंचांग आले, रांगा आल्या, घड्याळजींच्या समित्या आल्या. 'कधी करायचे' हे आपण उत्तम शिकलो. 'झाले का' हे विचारायला मात्र अजूनही माणूस लागतो, किंवा माणसाने आधी करून ठेवलेली सोय.

ती सोय रेल्वेवाल्यांकडे फार जुनी आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला एक मूठ दाबून धरावी लागते. हात सुटला की गाडी थांबते. काही बिघडले तर ओरड, असा तिचा नियम नाही. सगळे ठीक असल्याचे सतत सांगत राहा, गप्प झालास की मी थांबणार, असा तिचा नियम आहे. संगणकातही हेच करावे लागते. काम नीट झाले की त्याने दर वेळी दुसऱ्या यंत्राला 'झाले' असे कळवायचे. ठरल्या वेळी तो निरोप आला नाही की त्या दुसऱ्या यंत्राने माणसाला उठवायचे. फसल्याची ईमेल वाटेत हरवू शकते. न आलेला 'झाले'चा निरोप मात्र हरवू शकत नाही.

आपल्या मंडळाचे काय?

वाचकहो, हे सर्व मोठ्या कंपन्यांपुरते आहे असे समजू नका. परदेशातल्या कोणत्याही मराठी मंडळाची वेबसाइट घ्या. वार्षिक वर्गणीची आठवण, कार्यक्रमाच्या तिकिटांचा हिशेब, सभासद यादीचा बॅकअप, साइटच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र, ही सगळी वेळापत्रकावरची कामे आहेत. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्टने अशी प्रमाणपत्रे फुकट द्यायला सुरुवात केली, ती ९० दिवसांच्या मुदतीची. म्हणजे नूतनीकरण आपोआप व्हायलाच हवे. ते बंद पडले की साइट उघडणाऱ्याला ब्राउझर 'इथे जाऊ नका' असे बजावतो, आणि तेही नेमके दिवाळीच्या तिकीटविक्रीच्या दिवशी.

मंडळाची कार्यकारिणी दर एक-दोन वर्षांनी बदलते. हौसेने कोणी स्वयंसेवक ही कामे लावून देतो, मग नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जातो. क्रॉन त्याच्या मागे काम करीत राहतो आणि त्याच्याच जुन्या पत्त्यावर ईमेल पाठवत राहतो. सभासदांची वीस-पंचवीस वर्षांची यादी, जुने अंक, नाटकांचे आणि गणेशोत्सवांचे फोटो, मागच्या पिढीने कष्टाने जमवलेले हे सगळे एका अशा ओळीवर टांगलेले असते, जी गेल्या कित्येक वर्षांत कोणी उघडून पाहिलेली नाही.

म्हणून येत्या कार्यकारिणीच्या सभेत एवढे करावे. आपल्या नावाने कोणती कामे आपोआप चालतात त्यांची यादी साध्या कागदावर लिहून काढावी. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहाव्यात : हे झाले नाही तर कोणाला कळेल, आणि दोनदा झाले तर काय होईल. आणि बॅकअप 'आहे' असे कोणी म्हणाले, तर तो एकदा दुसऱ्या संगणकावर उतरवून, सभासद यादी खरोखर उघडते का ते दोघांनी मिळून पाहावे. एका रविवारच्या दुपारचे काम आहे. चहा लागेल, तेवढा मंडळाने द्यावा.